दोनशे युरोंचं टिपण: परदेशी हेर कॉलेजच्या मुलांना कसे गाठतात

नाशिकच्या एका आईंचा प्रश्न आहे. मुलगा जर्मनीत विमान अभियांत्रिकीत मास्टर्स करतोय. चार महिन्यांपूर्वी लिंक्डइनवर एका ‘सल्लागार कंपनी’तल्या बाईंनी त्याच्याशी संपर्क साधला, ‘भारतातला ड्रोन उद्योग’ या विषयावर पाच पानांचं टिपण मागितलं आणि दोनशे युरो दिले. मुलाने नेटवरच्या बातम्या गोळा करून ते लिहून दिलं. आता दुसरं टिपण हवंय, चारशे युरोंचं. या वेळी बाई म्हणतात, ‘छापून आलेलं आमच्याकडे आहेच. तुझ्या ओळखीत कुणी या क्षेत्रात असेल तर त्यांच्याशी गप्पा मारून लिही.’ मुलाचे मामा ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात आहेत. हा हेरगिरीचा प्रकार असू शकतो का, हेर कॉलेजच्या पोरांना गाठतात तरी कसे, की मीच उगीच घाबरतेय, असं त्या विचारतात.

ताई, उगीच घाबरत नाही आहात. त्या बाई हेर आहेत असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. खऱ्या सल्लागार कंपन्याही अशी टिपणं लिहून घेतात. पण ‘छापून आलेलं नको, ओळखीच्यांना विचार’ हे वाक्य ऐकलं की माझ्यासारख्याचे कान टवकारतात. प्रतिहेरगिरीच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. खात्याचं नाव लिहीत नाही. निवृत्तीनंतरही काही सवयी सुटत नाहीत. तेव्हा आधी एवढंच सांगतो: दुसरं टिपण मुलाला लिहू देऊ नका. का, ते आता सविस्तर.

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की विद्यार्थ्याकडे असतं काय? ना फाइल, ना पासवर्ड, ना कुठल्या बैठकीला बसणं. बरोबर आहे, आज काही नसतं. पण गुप्तचर यंत्रणेचा हिशेब दहा-पंधरा वर्षांचा असतो. मंत्रालयात बसलेला पन्नाशीचा अधिकारी फोडायचा म्हणजे महाग आणि धोक्याचं काम. त्याच्यावर नजर असते, त्याला प्रशिक्षण मिळालेलं असतं, घरदार आणि पेन्शन पणाला लागलेली असते. बाविशीतलं पोर स्वस्त पडतं. त्याला आज मिंधं करून ठेवायचं आणि मग हव्या त्या खुर्चीपर्यंत हळूहळू ढकलत न्यायचं. पहिल्या टिपणाचे पैसे माहितीसाठी दिलेले नसतातच. ते मिंधेपणासाठी दिलेले असतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ग्लेन डफी श्राइव्हर या अमेरिकन मुलाचं आहे. खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला, त्यामुळे तपशील उघड आहेत. मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीचा हा विद्यार्थी. कॉलेजात असताना शिकायला शांघायला गेला, चिनी भाषा आवडली, देश आवडला. पदवी झाल्यावर २००४ साली परत तिथेच जाऊन राहिला. हातात पैसे बेताचे. इंग्रजीत एक जाहिरात दिसली: अमेरिका-चीन संबंध, तैवान, उत्तर कोरिया या विषयांवर लेख लिहून हवेत, मानधन मिळेल. त्याने अर्ज केला. ‘अमांडा’ नाव सांगणारी एक तरुणी भेटली. लेखाचे १२० डॉलर मिळाले. लेख फार छान झालाय, असंही तिने सांगितलं.

काही महिन्यांनी अमांडा म्हणाली, माझ्या ओळखीच्या दोघांना तुला भेटायचंय. ते ‘मिस्टर वू’ आणि ‘मिस्टर टँग’, दोघेही चिनी गुप्तचर खात्याचे. पुढे या मंडळींशी त्याच्या जवळजवळ वीस भेटी झाल्या. सुरुवातीला कुणी काही मागितलं नाही. तू हुशार आहेस, चीन तुला समजतो, असा माणूस तुमच्या सरकारात असायला हवा, परराष्ट्र खात्याची परीक्षा का देत नाहीस, अशी बोलणी. मैत्रीचीच भाषा होती सगळी.

त्याने २००५ मध्ये शांघायमध्येच ती परीक्षा दिली आणि नापास झाला. तरी त्याला दहा हजार डॉलर मिळाले. २००६ मध्ये पुन्हा बसला, पुन्हा नापास, या वेळी वीस हजार. (आपल्याकडे परीक्षेला बसायचे पैसे क्लासवाले आपल्याकडून घेतात; इथे नापास होण्याचे मिळत होते.) २००७ मध्ये त्याने थेट सीआयएच्या गुप्त विभागात अर्ज केला आणि या मंडळींकडे स्वतःहून चाळीस हजार मागितले. तेही मिळाले. सगळे मिळून सत्तर हजार डॉलर झाले.

एवढ्या वर्षांत त्याने एकही गुपित दिलं नव्हतं. द्यायला त्याच्याकडे नव्हतंच काही. २०१० मध्ये सीआयएने अंतिम मुलाखती आणि पॉलिग्राफसाठी, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राच्या चाचणीसाठी, बोलावलं. परदेशी सरकारशी संबंध आला का, पैसे घेतले का, या प्रश्नांना त्याने खोटी उत्तरं दिली. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. जूनमध्ये देश सोडून निघाला असताना त्याला पकडलं आणि जानेवारी २०११ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. एफबीआयने पुढे त्याच्यावर एक छोटी फिल्म काढली आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवायला सुरुवात केली. फिल्म जरा बटबटीत आहे, पण श्राइव्हर स्वतः सांगतो ते खरं आहे: भरती चालू आहे आणि तिचं लक्ष्य तरुण मुलं आहेत.

आता तुमच्या मुलाचं आणि त्याचं जुळवून बघा. लेख, मानधन, कौतुक, मग पुढची ओळख किंवा पुढची मागणी. क्रम तोच.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो, ओळख पटेल असं काही न ठेवता. परदेशात शिकून आलेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. आपणहून आला होता, वडील बाहेर बाकावर. असंच लेखांचं काम त्याने दोन वर्षं केलेलं. मी विचारलं, पैसे कसे मिळायचे? म्हणाला, लिफाफ्यात, कॉफी प्यायला भेटलो की. आणि सही? त्याने खांदे उडवले. ‘हो, पावतीवर करायचो. अकाउंट्सवाले त्रास देतात म्हणायचे.’ कसली पावती होती ती? त्याला रंग आठवत होता, फिकट पिवळा. वर कंपनीचं नाव नव्हतं. तारखेची जागा रिकामी असायची, ती ‘आम्ही भरतो’ म्हणायचे. रक्कम मात्र त्याच्याच हातून अक्षरी लिहून घ्यायचे. हे सांगता सांगता तो मध्येच थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सर, त्या पावत्या कुठे असतील आता?’

पावतीचं काम हेच. धमकी द्यायची वेळ बहुतेकदा येत नाही, दोघांनाही माहीत असतं की कागद आहे. आणि त्याहून आधी दुसरी एक गोष्ट घडलेली असते. त्या मुलाने घरी सांगितलं नव्हतं. चोरून काही केलं म्हणून नव्हे. पहिल्यांदा सांगायचं राहिलं, दुसऱ्यांदा ‘आता काय सांगायचं’ झालं, तिसऱ्यांदा लपवावं लागलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. कॉफी पाजणाऱ्या, कौतुक करणाऱ्या, आजारपणात चौकशी करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं वीस-बावीस वर्षांच्या आणि घरापासून लांब राहणाऱ्या पोराला फार जड जातं. एकटेपणाचा भाव या बाजारात पैशापेक्षा जास्त आहे, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पैसा हे एकच आमिष असतं असंही नाही. ॲना मोंटेसचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये ती वॉशिंग्टनला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होती. अमेरिकेच्या निकाराग्वातल्या धोरणावर चिडलेली, आणि ते वर्गात बोलून दाखवणारी. तिथल्याच मार्ता व्हेलास्केझ या विद्यार्थिनीने तिच्याशी मैत्री केली. माझ्या मित्रांना स्पॅनिश बातम्यांचे इंग्रजी अनुवाद करून हवेत, मदत करशील का? त्या वर्षाअखेर न्यूयॉर्कमध्ये क्यूबाच्या माणसाशी गाठ घालून दिली, पुढच्या वसंतात दोघी क्यूबाला जाऊन आल्या आणि सप्टेंबर १९८५ मध्ये मोंटेस अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर खात्यात रुजू झाली. सोळा वर्षं ती क्यूबासाठी काम करत राहिली, तेही खर्चापुरते पैसे सोडले तर जवळपास फुकट. २००१ च्या सप्टेंबरात पकडली गेली. हेरणारी व्यक्ती शेजारच्या बाकावर बसलेली होती, हे यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

तसंच पश्चिम जर्मनीतल्या गाब्रिएले गास्टचं. १९६८ मध्ये पीएचडीच्या कामासाठी पूर्व जर्मनीत गेली, तिथे एका पुरुषाच्या प्रेमात पडली. तो श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मन गुप्तचर खात्याचा माणूस होता. प्रेम टिकवायचं तर भेटी हव्यात आणि भेटी हव्यात तर थोडं सहकार्य हवं. १९७३ पासून ती पश्चिम जर्मन गुप्तचर खात्यात नोकरीला होती. पकडली गेली १९९० मध्ये, जर्मनी एक होताना. दोन्ही प्रकरणांत गळ टाकल्यापासून मासा मोठा होईपर्यंत कुणालाही घाई नव्हती. ही रीत सोव्हिएत लोकांनी १९३४ मध्येच बसवली होती: केंब्रिजहून नुकत्याच बाहेर पडलेल्या किम फिल्बीला लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एका बाकावर गाठलं आणि सहा वर्षांनी तो ब्रिटिश गुप्तचर खात्यात जाऊन बसला.

बाकाची जागा आता लिंक्डइनने घेतली आहे. सिंगापूरचा डिक्सन यो हा स्वतःच पीएचडीचा विद्यार्थी. २०१५ मध्ये बीजिंगला एका व्याख्यानासाठी गेला, तिथे ‘थिंक टँक’वाले, म्हणजे धोरण-अभ्यास संस्थेतले, म्हणून काही लोक भेटले, लेखांचे पैसे देऊ लागले. प्रत्यक्षात ते चिनी गुप्तचर खात्याचे होते. पुढे त्याने त्यांच्या सांगण्यावरून खोटी सल्लागार कंपनी उभी केली आणि नोकरीची जाहिरात टाकली. चारशेच्या वर बायोडेटा आले, त्यातले नव्वद टक्के अमेरिकी लष्कर आणि सरकारातल्या लोकांचे. मग तो त्यातून पैशाच्या अडचणीतला, नोकरीला वैतागलेला, निवृत्तीच्या चिंतेतला माणूस निवडायचा आणि एक रिपोर्ट लिहून मागायचा. न्यायालयात त्याने सांगितलं की लिंक्डइन रोज उघडून नव्या शिफारशी बघणं हे व्यसनासारखं झालं होतं. म्हणजे सावज शोधून द्यायचं काम ॲपच करत होतं. २०२० मध्ये त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की दहा हजारांहून अधिक जर्मनांना अशा खोट्या प्रोफाइलवरून संपर्क केला गेला. ब्रिटनच्या एमआय-५ या अंतर्गत गुप्तचर खात्याने २०२१ मध्ये आपल्या नागरिकांबद्दल तसाच आकडा दिला.

टेलिग्रामवरचा प्रकार याहून वेगळा आणि ओबडधोबड. तिथे दहा-पंधरा वर्षांची वाट बघायला कुणाला सवड नाही. एका इमारतीचा फोटो काढ, भिंतीवर दोन शब्द रंगव, हे पाकीट तिथे ठेव, क्रिप्टोत पैसे घे. युक्रेनमध्ये, इस्रायलमध्ये, युरोपात अल्पवयीन मुलंसुद्धा यात पकडली गेली आहेत. ही वापरून टाकायची माणसं, कागदी कपासारखी. तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं दिसत नाही, म्हणून इथेच सोडतो.

मग त्याच्या बाबतीत काय दिसतं? माझा अंदाज असा की सावज मुलगा आहेच असं नाही. मामा असू शकतात. एचएएलचं ओझर म्हणजे सुखोई विमानं जिथे तयार झाली ते ठिकाण, तेजसची लाइनही तिथे आहे. मामांना अनोळखी प्रोफाइलवरून संदेश आला तर ते सावध होतील, त्यांना त्याचं प्रशिक्षण असतं. भाच्याने दिवाळीत फराळ करता करता विचारलं तर? कोणता मामा भाच्याला नाही म्हणेल? ओझर सोडा, पुण्यात पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, खडकीचा दारूगोळा कारखाना, मुंबईत माझगाव डॉक आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, गोव्यात वास्कोची गोदी. या सगळ्यांभोवती हजारो मराठी घरं आहेत आणि त्या घरांतली मुलं परदेशी शिकतात. नाव, आडनाव, गाव, ‘अभिमान वाटतो मामांचा’ अशी जुनी पोस्ट, एवढ्यावर नातं जुळवता येतं. मुलाने तशी काही पोस्ट टाकली होती का, ते जरूर विचारा.

आणखी एक, थोडं अप्रिय. हे सगळे देश करतात. परदेशी विद्यार्थ्यांकडे संधी म्हणून बघणं अमेरिकेलाही वर्ज्य नाही आणि आपणही काही सोवळे नाही. २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने एका भारतीय दांपत्याला दोषी ठरवलं, तिथल्या शीख आणि काश्मिरी मंडळींची माहिती भारतीय गुप्तचर अधिकाऱ्याला पुरवल्याबद्दल. देशभक्ती म्हणून केलं असेल, पण जर्मन कायद्यात तो गुन्हाच. तेव्हा उद्या कुणी ‘आपलाच माणूस’ म्हणून मुलाकडे वर्गातल्या इतर भारतीयांची नावं मागितली, तरी उत्तर तेच ठेवा.

आपल्या कायद्याचं सांगायचं तर शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि तो परदेशात असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू होतो. संरक्षणाशी संबंध असलेल्या हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यातलं चौथं कलम लोकांना माहीत नसतं: परदेशी हस्तकाशी संपर्क ठेवणं किंवा त्याचा नाव-पत्ता जवळ बाळगणं हेसुद्धा खटल्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. हे घाबरवायला सांगत नाही. आजवर त्याने जे केलं, म्हणजे छापील बातम्यांवरून टिपण आणि त्याचे दोनशे युरो, त्यात मला गुन्हा दिसत नाही. इथे थांबला तर विषय सरळ आहे.

थांबायचं कसं, तेही नीट करा. बाईंना जाब विचारू नका आणि मुलालाही विचारू देऊ नका. ‘तुम्ही नक्की कोण?’ असं विचारून उलट तपास करायची हौस पोरांना फार असते. मग ते आणखी चार भेटींत अडकतात. अभ्यास वाढलाय, यापुढे जमणार नाही, एवढं एक ओळीचं उत्तर पुरे. त्यानंतर उत्तर नाही. आग्रह झाला, रक्कम वाढली, किंवा आवाज बदलला, तर त्यातूनच पुष्कळ कळेल. भेटायला जायचं नाही, पैसे परत करायलासुद्धा नाही. काही डिलीट करायचं नाही: संदेश, ईमेल, पैसे आल्याची बँकेतली नोंद, त्या बाईंच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट, सगळं एका जागी. त्यांनी एखादं ॲप घ्यायला लावलं असेल, तर तो फोन किंवा लॅपटॉप घरच्या कामाला वापरणं बंद. नागपूरच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या अभियंत्याच्या प्रकरणात तपास यंत्रणांनी हेच सांगितलं होतं, परदेशी नोकरीच्या आमिषाने लॅपटॉपवर ॲप टाकायला लावल्याचं.

मग एका पानावर तारीखवार हकिकत लिहून ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आणि जवळच्या भारतीय वकिलातीत द्यावी. बर्लिनला दूतावास आहे. म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास. तिथला कारकून कदाचित थंडपणे कागद ठेवून घेईल. घेऊ द्या. पोच मात्र मागून घ्या. पुढे कधी चौकशी झाली तर आपणहून सांगितल्याची तारीख कागदावर असलेली बरी.

मुलावर ओरडू नका, ही विनंती आहे. त्याने तुम्हाला सांगितलं म्हणूनच तुम्ही मला विचारू शकलात. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाने दोन वर्षं लावली होती. फोनवर त्याला शांतपणे दोनच गोष्टी विचारा: दोनशे युरो बँकेत आले की हातात, हातात असतील तर कशावर सही केली, आणि मामा कुठे काम करतात हे त्याने त्या बाईंना कधी बोलता बोलता सांगितलं का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर मामांना आजच फोन करा. त्यांच्याकडे सुरक्षा अधिकारी असतो, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर मामांकडूनच जायला हवी.